आईशी बोलायला अकरा वर्षांची दुभाषी

आदरणीय ताई,

मी मुलांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत समन्वयक आहे. आमच्या केंद्रावर आठवड्यातून दोनदा बालरोगतज्ज्ञ येतात आणि रोज दुपारी मुलांचं खेळघर चालतं. गेल्या काही वर्षांत इथे दुसऱ्या भागातून आलेली बरीच कुटुंबं राहायला आली. त्यांची भाषा आमच्यापैकी कुणालाच येत नाही. त्यांच्यातली अकरा वर्षांची एक मुलगी मात्र दोन्ही भाषा सुरेख बोलते. ती आमच्या खेळघरात यायची आणि आम्ही तिला दवाखान्यातही बसवायचो. आमची छोटी कार्यकर्ती, असं सगळे कौतुकाने म्हणायचे.

मागच्या महिन्यात तिच्याच तान्ह्या भावाच्या हृदयात दोष असल्याचं डॉक्टरांना आढळलं. आईला सांगायचं होतं, म्हणून नेहमीसारखं तिला मध्ये बसवलं. तिने सांगितलं. आई रडायला लागली, मग तिच्यावरच ओरडली. त्या दिवसापासून मुलगी खेळघरात आलेली नाही. आईने बाळाला पुढच्या तपासणीलाही आणलं नाही. शेजारची दोन कुटुंबंही यायची थांबली. माझी एक सहकारी म्हणते, त्यांच्या संस्कृतीत दवाखान्यावर विश्वासच नसतो. निधी देणाऱ्या संस्थेने सुचवलंय की सांस्कृतिक सक्षमतेचं, म्हणजे वेगळ्या संस्कृतीतल्या लोकांबरोबर नीट काम करता येण्याचं, तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्या, पैसे आम्ही देतो. मी हो म्हणू का? आणि त्या मुलीसाठी काय करू?

– एक समन्वयक

प्रिय मैत्रीण,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. प्रशिक्षणाचं पत्र आठवडाभर टेबलावर पडून राहिलं तरी कुणाचं काही बिघडणार नाही.

पण त्या मुलीच्याही आधी तिचा भाऊ. पुढची तपासणी किती दिवस थांबू शकते, हे आजच डॉक्टरांना विचारा. हृदयातले जन्मजात दोष सगळे सारखे नसतात. काही लहान छिद्रं वाढत्या वयात आपोआप बुजतात, डॉक्टर नुसतं लक्ष ठेवून असतात. काही दोषांमध्ये मात्र थोडा उशीरही महागात पडतो. दूध पिताना बाळाला धाप लागली, घाम आला, वजन वाढेनासं झालं किंवा ओठ आणि जीभ निळसर दिसली, तर तसंच उठून दवाखान्यात जायचं, हे त्या आईला माहीत आहे का? तिला जे काही कळलं ते एका घाबरलेल्या लेकीच्या तोंडून कळलं. ‘हृदयात दोष’ हे त्या पोरीने आपल्या भाषेत कसं सांगितलं असेल, याचा मी तुमचं पत्र आल्यापासून विचार करते आहे. छिद्र म्हणाली असेल, बिघाड म्हणाली असेल, किंवा भाऊ मरणार असंही म्हणाली असेल. त्या खोलीत ती आणि तिची आई सोडून कुणालाच ते समजलं नाही. डॉक्टरांनी वर्षानुवर्षं शिकून केलेलं निदान आणि आईच्या कानावर पडलेलं वाक्य, यांच्यामध्ये कुणीच उभं नव्हतं.

हे नुसतं माझं काळजीखोर मन बोलत नाही. अमेरिकेत २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बालरोग विभागातल्या दुभाष्यामार्फत झालेल्या १३ भेटींचं ध्वनिमुद्रण करून प्रत्येक वाक्य तपासलं, तर एका भेटीत सरासरी ३१ चुका निघाल्या. त्यांतल्या ६३ टक्के चुका उपचारावर परिणाम करू शकतील अशा होत्या. औषध किती, दिवसातून किती वेळा, किती दिवस, हेच गळलेलं किंवा बदललेलं. ऐनवेळी हाताशी असलेल्या माणसांकडून झालेल्या चुका इस्पितळाने नेमलेल्या दुभाष्यांच्या चुकांपेक्षा अधिक धोक्याच्या होत्या. पुढे अमेरिकेच्या २०१६ च्या आरोग्यसेवा नियमांत स्पष्टच लिहिलं गेलं की जीव धोक्यात असण्याची वेळ आणि दुसरा दुभाषी न मिळणं या दोन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय लहान मुलाला दुभाषी करायचं नाही.

आता ती मुलगी. आईवडिलांसाठी दोन भाषांमध्ये पूल होणारी मुलं जगात सगळीकडे आहेत, आणि ते प्रत्येक वेळी वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. बसचा फलक वाचून दाखवणं, शाळेतली सूचना सांगणं यांतून मुलांना आपण घराच्या उपयोगी पडतो याचा अभिमानही वाटतो. तुमच्याकडे पहिले काही महिने तिला तसंच वाटलं असणार. पण दारात ‘या, बसा’ म्हणणं वेगळं आणि तान्ह्या भावाचा आजार आईला सांगणं वेगळं. त्या क्षणी ती बहीण होती. तिलाही ती बातमी तेव्हाच, पहिल्यांदाच कळत होती. भावासाठी घाबरायला, रडायला, आईच्या कुशीत शिरायला तिला वेळच मिळाला नाही, कारण पुढचं वाक्य तिची वाट पाहत होतं. आणि आई ओरडली ती कुणावर? वाईट बातमी ज्या तोंडातून आली त्या तोंडावर. तिथे मोठं माणूस असतं तर त्याने तो राग झेलला असता.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही. आरोग्याच्या कामात असताना मीही एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाकडून त्याच्या वडिलांना क्षयाच्या औषधांचं सगळं समजावून घेतलं होतं. पोरगा हुशार आहे, म्हणून मी खूश होते. काही आठवड्यांनी वडिलांनी मधेच गोळ्या सोडल्या, आणि तो मुलगा मला येऊन म्हणाला, मी नीट सांगितलं नाही म्हणून. मी त्याला तसं नाहीये म्हणून खूप समजावलं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, कुणास ठाऊक. म्हणून तुम्हाला सांगते, तुमच्या मुलीच्या मनातही असंच काहीतरी बसलं असेल असं धरून चाला. आपल्यामुळे आई रडली. आपल्यामुळे बाळाला दवाखान्यात नेलं नाही.

तेव्हा या आठवड्यात त्यांच्या घरी जा. त्यांची भाषा बोलणारी एक प्रौढ बाई सोबत घ्या, आणि ती त्यांच्या नात्यातली किंवा अगदी शेजारची नको. छोट्या समाजात दुभाष्याच्या ओठांवर सगळ्या वस्तीचे कान असतात. अशी बाई जवळपास मिळत नसेल तर फोनवरून बोलणारी शोधा. आवाज अनोळखी असला की कित्येक बाया उलट जास्त मोकळ्या होतात. जाण्याआधी तिच्याशी अर्धा तास बसा, तुम्हाला काय सांगायचंय ते तिला समजू द्या, आणि त्या घरातलं त्या घरातच राहील हे तिच्याकडून कबूल करून घ्या. तिच्या वेळेचे पैसे द्या. घरी गेल्यावर आईकडे बघून बोला, दुभाषीकडे बघून नको. ‘तिला सांगा की’ असं म्हणू नका, ‘तुम्ही’ म्हणा. एका वेळी दोन वाक्यं, त्यापेक्षा जास्त नाहीत. आणि शेवटी ‘समजलं ना?’ असं विचारू नका, कारण या प्रश्नाला जगभर सगळे हो म्हणतात. त्याऐवजी म्हणा, ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला कळायला हवं. बाळाचे वडील घरी आल्यावर तुम्ही त्यांना हे कसं सांगाल?’ ती जे सांगेल त्यातून तुम्हाला कळेल की तुमचं सांगणं कुठे पोचलं आणि कुठे गळालं.

बांगलादेशात १९८० ते १९९० या काळात ‘ब्रॅक’ या संस्थेने हेच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर वापरलं होतं. जुलाबात मूल सुकून जाऊ नये म्हणून मीठ, गूळ आणि पाण्याचं द्रावण घरच्या घरी कसं करायचं, हे कार्यकर्त्या दारोदार जाऊन शिकवत होत्या. एक कोटीहून जास्त घरांपर्यंत त्या गेल्या. कार्यकर्तीचा मोबदला ती किती घरं फिरली यावर ठरत नव्हता. काही दिवसांनी दुसरं माणूस जाऊन आईला विचारायचं, आणि आईच्या लक्षात किती राहिलं त्यावर पैसे ठरायचे. आपल्या अहवालांमध्ये ‘इतक्या मातांना मार्गदर्शन केले’ असा रकाना असतो, पण तिच्याजवळ काय उरलं त्याचा रकाना नसतो. तुमच्याही अहवालात नसणार.

आईशी बोलून झालं की मुलीशी वेगळं बोला, आईच्या परवानगीने. तिला तुमची भाषा येते, तेव्हा इथे दुभाषी लागणार नाही. साधं बोला. त्या दिवशी आम्ही तुला जे काम सांगितलं ते मोठ्यांचं होतं, आम्ही चुकलो. तू जे सांगितलंस त्यात तुझी काही चूक नव्हती. आई तुझ्यावर चिडली नव्हती, घाबरली होती. आता ते काम आम्ही दुसऱ्या मोठ्या बाईला दिलंय. एवढंच. भेटवस्तू नेऊ नका, परत येण्याचं वचन मागू नका. आणि ही हकिगत, मुलीचं नाव बदलूनसुद्धा, संस्थेच्या वार्षिक अहवालात यशोगाथा म्हणून छापू नका.

आता तुमची सहकारी म्हणाली ते. ‘त्यांच्या संस्कृतीत दवाखान्यावर विश्वासच नसतो.’ मला या वाक्याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. ही कुटुंबं महिनोन्‌महिने तुमच्याकडे येत होती. मुलांना तपासून घेत होती, आपली मुलगी तुमच्या स्वाधीन करत होती. याला विश्वास नाही तर काय म्हणायचं? तो विश्वास एका दुपारी केंद्राच्या खोलीत मोडला, आणि त्याचं खापर आपण त्यांच्या पूर्वजांवर फोडतोय. आपल्या कामात संस्कृती हा शब्द असा वारंवार वापरला जातो. दवाखाना कामाच्या वेळेत उघडा असतो आणि आईची त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती येत नाही. आपण म्हणतो, त्यांच्यात मुलांच्या आरोग्याला महत्त्व नसतं. फॉर्म तिला न येणाऱ्या लिपीत असतो. आपण म्हणतो, त्यांच्यात शिक्षणाची आवड नाही. सहकाऱ्यावर चिडू मात्र नका. तिला एवढंच विचारा, की येणं थांबलेल्या त्या दोन कुटुंबांना कुणी जाऊन कारण विचारलं का? बहुधा नसेल विचारलं. मग तिलाच त्या दुभाषी बाईबरोबर पाठवा.

आणि प्रशिक्षण? सांस्कृतिक सक्षमता हा शब्द आज सगळ्या प्रस्तावांत सापडतो, पण तो आला कुठून हे फार थोड्यांना माहीत असतं. १९८९ साली अमेरिकेत टेरी क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्पसंख्य समाजांतल्या, गंभीर मानसिक त्रास असलेल्या मुलांच्या सेवांविषयी एक अहवाल लिहिला, त्यातून तो रुजला. म्हणजे तो शब्द रुजलाच मुलांच्या काळजीतून. त्या अहवालात सक्षम व्हायचं होतं ते सगळ्या व्यवस्थेने, तिची धोरणं, तिची माणसं, तिचा कारभार यांच्यासकट. पुढे तो आक्रसत गेला आणि बऱ्याच ठिकाणी ‘अमुक लोक असे असतात’ सांगणाऱ्या तीन दिवसांच्या वर्गापुरता उरला. त्या वर्गातून माणसं यादी घेऊन बाहेर पडतात आणि मग समोरच्या बाईकडे न बघता यादीकडे बघतात. १९९८ मध्ये मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी म्हणूनच सांस्कृतिक नम्रता हा शब्द पुढे आणला. दुसऱ्याची संस्कृती पाठ करून संपत नाही, आपल्या हातातल्या अधिकाराकडे जन्मभर बघत राहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

मला स्वतःला त्याहून जवळचं वाटतं ते न्यूझीलंडच्या इरिहापेटी रॅम्सडेन यांचं सांगणं. त्या तिथल्या मूळनिवासी माओरी समाजातल्या परिचारिका होत्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या प्रयत्नांतून तिथल्या परिचारिकांच्या शिक्षणात सांस्कृतिक सुरक्षितता हा विषय आला. त्यांचा मुद्दा असा, की सेवा सुरक्षित होती की नाही हे ठरवायचा हक्क सेवा घेणाऱ्याचा आहे. आपण कितीही प्रेमाने वागलो असू, त्या आईला आपल्या केंद्रात असुरक्षित वाटलं असेल, तर ते असुरक्षितच होतं. तुमचं पत्र वाचताना मला हेच आठवत राहिलं. तुम्ही सगळे भले लोक आहात. मुलीवर तुमचं प्रेम होतं. आणि तरीही.

म्हणून निधी देणाऱ्यांना सरळ नाही म्हणू नका, पैसे दुसरीकडे वळवून मागा. त्या तीन दिवसांच्या खर्चात वस्तीतल्या दोन बायांना अर्धवेळ दुभाषी आणि कार्यकर्ती म्हणून किती महिने पगार देता येईल, याचा हिशेब मांडा आणि तो प्रस्तावाला जोडा. त्या बायांना दुभाष्याच्या कामाचं, गोपनीयतेचं, शरीराविषयीच्या शब्दांचं प्रशिक्षण द्या. डॉक्टरांना दुभाष्याबरोबर काम कसं करायचं ते शिकवा, त्यासाठी एक दुपार पुरते. पत्रात झालेली चूक लिहा. मुलीची ओळख न सांगता एवढंच, की आम्ही लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरत होतो, ते या तारखेपासून बंद केलं. निधी देणारी माणसं चूक वाचून पळून जातात असा आपला समज असतो. माझ्या अनुभवात ती गुळगुळीत अहवालांना जास्त कंटाळलेली असतात.

वस्तीतल्या बाया हे काम करू शकतील का, अशी शंका तुमच्या समितीत कुणीतरी काढेलच. त्यांना झिम्बाब्वेची गोष्ट सांगा. तिथे मानसोपचारतज्ज्ञ फारच थोडे. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ साली हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी, तिच्या शेजारी मन जड झालेलं माणूस. त्या बाकाला त्यांनी आधी मानसिक आरोग्याचा बाक असं नाव दिलं होतं, आणि तिथे कुणी बसेना. आज्यांनीच सांगितलं की हे नाव काढा, मैत्रीचा बाक म्हणा. नैराश्य हा शब्दही त्यांनी बाजूला ठेवला. त्यांच्या शोना भाषेत त्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करत राहणं. २४ दवाखाने आणि ५७३ माणसं घेऊन या पद्धतीची कसून चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आज्यांकडे गेलेल्यांचा त्रास सहा महिन्यांनंतर इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होता. आज्यांना रीतसर शिकवलं होतं, त्यांच्यावर देखरेख होती, हे सांगायला विसरू नका. नुसतं वस्तीतलं कुणीतरी बसवलं की झालं, असं नसतं. पण बाकाचं नाव बदलायची बुद्धी डॉक्टरांना सुचली नव्हती.

आपल्याकडे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम १९८६ पासून उभं केलं, त्यातही हाच धागा आहे. आदिवासींना मोठ्या इस्पितळाची भीती का वाटते हे त्यांनी त्यांनाच विचारलं. मग दवाखाना त्यांच्या घरांसारखा झाला, त्याला त्यांच्या देवीचं, दंतेश्वरीचं नाव मिळालं. नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा जो प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला, तो गावातल्याच बायांच्या हातांनी. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि मग इतर देशांनी ते उचललं.

तुमच्या वस्तीतल्या बायांना नेमलं की लगेच आणखी एक प्रश्न उभा राहील, तो आत्ताच सांगून ठेवते. त्या फक्त निरोप्या राहणार, की ठरवणार? समितीवर त्यांच्यातल्या एकीला बसवायचं, फोटो काढायचा आणि निर्णय आधीच फोनवर झालेले असायचे, हे मी फार पाहिलंय. त्यापेक्षा दवाखान्याची वेळ ठरवण्याचा आणि खेळघराच्या पैशांचा अधिकार तरी पूर्ण त्यांच्याकडे द्या. सिडनीतल्या रेडफर्नमध्ये १९७१ साली तिथल्या आदिवासींनी स्वतःचा दवाखाना काढला. त्याच्या कारभाराची सूत्रंही त्यांच्याच हातात होती, आणि पुढे ऑस्ट्रेलियाभर तशा संस्था उभ्या राहिल्या. तुमची संस्था उद्या तशी होणार नाही. वेळापत्रकापासून सुरुवात होऊ शकते.

आणि समजा, सगळं नीट, त्यांच्या भाषेत, वेळ देऊन सांगितल्यावरही कुटुंबाने उपचाराला नकार दिला तर? तेव्हा मात्र ‘त्यांची संस्कृती’ म्हणून मागे सरकू नका. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्य समाजातल्या मुलाला आपली भाषा आणि संस्कृती जगण्याचा हक्क दिला आहे, आणि चोविसाव्या कलमाने उत्तम आरोग्याचा. दोन्ही हक्क त्या बाळाचेच आहेत. एकासाठी दुसरा सोडायचा नसतो. कुटुंबाला कशाची भीती वाटते ते विचारा. शस्त्रक्रियेची, खर्चाची, की बाळाला आपल्यापासून दूर नेतील याची? ज्यांच्या मुलाची अशी शस्त्रक्रिया झाली आहे आणि जे बोलायला तयार आहेत, असं त्यांच्याच समाजातलं एखादं कुटुंब असेल तर भेट घालून द्या. घरात ज्यांचा शब्द चालतो त्यांना बोलावून घ्या, आईला एकटीला कोंडीत पकडू नका. आणि बाळाचा जीव खरोखर धोक्यात असेल, तर डॉक्टरांनी आणि बालसंरक्षण यंत्रणेने जे करायचं ते करायलाच हवं. ते करतानाही दुभाषी मोठीच असायला हवी, आणि आईला प्रत्येक पाऊल आधी सांगायला हवं.

खेळघरातली त्या मुलीची जागा तशीच ठेवा. ती कदाचित लगेच येणार नाही. एखाद्या दुपारी दारात येऊन उभी राहील, तेव्हा इतक्या दिवसांनी कशी आलीस, असं काही विचारू नका, रंगांचा डबा पुढे करा. आणि नेमकं त्याच वेळी दवाखान्यात कुणी आई येऊन अडली, नवी दुभाषी बाई सुट्टीवर असली, आणि कुणीतरी त्या पोरीकडे वळून म्हणालं, ‘अगं, यांना जरा सांग ना,’ तर तुम्ही मध्ये उभ्या राहा आणि फोन लावा. तोवर त्या आईला बसायला खुर्ची द्या.

तुमची,
ताई